वणवा विझविणाऱ्यांचा पोशाख

माघ सरत आला की विदर्भातील सागवनांची पानगळ पुरी होत येते आणि जंगलाच्या भुईवर वाळक्या पानांचा जाड थर साचतो. सह्याद्रीच्या उतारांवरील गवत तर त्याआधीच वाळून पिवळे पडलेले असते. वनखात्याच्या दप्तरी १५ फेब्रुवारी ते १५ जून हा चार महिन्यांचा काळ वणव्याचा हंगाम म्हणून गणला जातो. जाळरेषा साफ ठेवणे, टेहळणी करणे, उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना येताच त्या ठिकाणी धाव घेणे ही कामे या काळात अहोरात्र चालतात. सूचना आता आकाशातून येते. आग मात्र बहुतेक ठिकाणी आजही माणसालाच जवळ जाऊन, हिरव्या डहाळ्यांनी झोडपून किंवा पाला बाजूला सारून विझवावी लागते.

वणव्याच्या वार्तेत किती हेक्टर जंगल जळाले याचा हिशेब येतो. विझविणाऱ्याच्या अंगावर कोणते कपडे होते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अभयारण्यात वणवा विझविताना तीन वनमजूर होरपळून मृत्युमुखी पडले. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये केरळच्या त्रिशूर जिल्ह्यात तीन वनपहारेकऱ्यांचा, तर जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील बिनसर अभयारण्यात एकाच दिवशी चार वनकर्मींचा असाच अंत झाला. योग्य पोशाख असता तर हे सारे वाचले असते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु आगीच्या तोंडी माणूस पाठविताना त्याच्या अंगावर काय असावे, याचा विचार हंगामापूर्वीच झाला पाहिजे, एवढे मात्र या घटना निर्विवादपणे सांगतात.

कायद्याने नेमलेले कर्तव्य

हा प्रश्न एकट्या वनखात्याचा नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ७९ नुसार राखीव वा संरक्षित वनात हक्क बजावणाऱ्या, तेथील वनोपज नेण्याची परवानगी असलेल्या, तसेच वनालगतच्या गावातील शासकीय नोकरीत असणाऱ्या किंवा गावाच्या सेवेबद्दल शासनाकडून मोबदला घेणाऱ्या प्रत्येक व्यक्तीवर वणवा विझविण्यास साहाय्य करण्याचे बंधन आहे. मोहफुले वेचणारा, सरपण आणणारा, गावचा पोलीस पाटील असे अनेक जण या कलमाच्या कक्षेत येतात. संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि वनहक्क कायद्यान्वये सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांचे ग्रामस्थ तर आपले जंगल म्हणून आपण होऊनच धावून जातात.

ज्याला कायद्याने आगीजवळ जाण्यास बांधले आहे, त्याला उघड्या अंगाने तेथे पाठविणे न्यायाचे नव्हे. म्हणून पोशाखाची निवड ही खरेदी समितीच्या टिपणीपुरती बाब न राहता ग्रामपंचायत, शाळा आणि वनसमिती या सर्वांना ठाऊक असावयास हवी.

उष्णता बाहेरची आणि आतली

आगीपासून रक्षण करणारा पोशाख म्हटला की शहरातील अग्निशमन दलाच्या जवानाचा जाडजूड कोट डोळ्यांपुढे येतो. असा कोट अनेक पदरी असतो आणि पाठीवरील श्वसनयंत्रासह सारा सरंजाम वीस किलोंच्या वर जातो. जळत्या इमारतीत शिरून काही मिनिटांत बाहेर पडणाऱ्यासाठी तो योग्यच आहे. वणव्याचे काम मात्र निराळे. येथे माणसाला उन्हात, चढउतारावर, सहा-आठ तास सतत राबावे लागते.

राबणारे शरीर स्वतःच एक भट्टी असते. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात ‘प्रोजेक्ट ॲक्वेरियस’ या नावाने वणवा विझविणाऱ्यांच्या श्रमाचा अभ्यास झाला. त्यात असे आढळले की, या माणसांच्या शरीरावर पडणाऱ्या उष्णतेच्या भारापैकी सुमारे दोन तृतीयांश भार त्यांच्या स्वतःच्या श्रमातून निर्माण होतो. आग आणि ऊन यांचा वाटा उरलेला एक तृतीयांश. ही उष्णता शरीरातून निघून जाण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम येणे आणि तो वाळणे. जाड, हवाबंद कोटात घाम येतो, पण वाळत नाही. मग शरीराचे तापमान चढत जाते, डोके गरगरते, निर्णयशक्ती मंदावते आणि ज्वाळेचा स्पर्शही न होता माणूस उष्माघाताने कोसळू शकतो.

वणव्याच्या पोशाखाचे मूळ सूत्र यातून निघते. त्याने बाहेरच्या आचेपासून कातडीचे रक्षण करावे. पण त्याहूनही आवश्यक म्हणजे आतली उष्णता त्याने अडवू नये. म्हणून हा पोशाख एकपदरी, हलका, सैल, सर्वांग झाकणारा आणि न वितळणाऱ्या कापडाचा असावा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वैशाखात हे सूत्र इतर कोठल्याही प्रदेशाइतकेच, किंबहुना अधिक लागू पडते.

सैलपणालाही कारण आहे. कापड आणि कातडी यांच्यामध्ये राहणारा हवेचा पदर आच अडवितो. जेथे कापड अंगाला चिकटते, म्हणजे खांदे, कोपर, गुडघे आणि पिशवीच्या पट्ट्याखालची जागा, तेथे भाजण्याचा धोका अधिक असतो. कातडीचे तापमान ४४ अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचले की तिला इजा होऊ लागते, हे लक्षात घेता हवेच्या या पातळ पदराचे मोल कळून येते.

कापडाची पारख

सर्वांत महत्त्वाची निवड कापडाची. टेरिकॉट, टेरिलीन, नायलॉन ही कापडे टिकाऊ, स्वस्त आणि धुण्यास सोपी असल्याने घरोघरी रूढ झाली आहेत. गणवेशासाठी बाजारात मिळणारे कापडही पुष्कळदा मिश्र धाग्याचेच असते. आगीजवळ मात्र ती घातक ठरतात. पॉलिएस्टरचा धागा सुमारे २५० ते २६० अंशांवर वितळतो. नायलॉनही प्रकारानुसार २२० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळते. वितळलेला रस कातडीला चिकटतो आणि आच दूर झाल्यावरही भाजतच राहतो. अशी जखम खोल होते आणि चिकटलेले कापड काढताना कातडीही निघून येते.

सुती कापड वितळत नाही. ते करपते आणि पुढे पेट घेते. म्हणजे साधे सुती कापड अग्निरोधक नव्हे, परंतु ते टेरिकॉटहून निश्चित सुरक्षित आहे. सुती कापडावर रासायनिक प्रक्रिया करून ते अग्निरोधक बनविता येते. असे कापड ज्वाळेत करपते, पण ज्वाळा दूर होताच आपोआप विझते. याहून उच्च प्रतीचे कापड म्हणजे ॲरामिड धाग्याचे. ‘नोमेक्स’ या व्यापारी नावाने १९६० च्या दशकात प्रचारात आलेला हा धागा वितळत नाही, ठिबकत नाही आणि त्याचा अग्निरोधक गुण धुण्याने जात नाही. किंमत मात्र बरीच अधिक असते.

व्यवहारात दोन पायऱ्या ठरविणे इष्ट. हंगामभर आगीवर जाणाऱ्या वनरक्षक, वनमजूर आणि अग्निरक्षक पथकांना अग्निरोधक सुती किंवा ॲरामिड कापडाचा पूर्ण पोशाख मिळावा. अवचित मदतीस जाणाऱ्या ग्रामस्थाने निदान पूर्ण बाह्यांचा जाड सुती अथवा खादीचा सदरा व सुती पँट घालावी आणि ज्वाळेच्या तोंडी न जाता मागची धग विझविण्याचे, पाणी पोहोचविण्याचे काम करावे. आतले कपडेही सुतीच असावेत. वरचा सदरा शाबूत राहूनही आतला नायलॉनचा बनियन आचेने वितळू शकतो.

कापड कोणते आहे हे ओळखण्याची सोपी रीत शिक्षकांनी वर्गात दाखविण्याजोगी आहे. कापडाच्या शिवणीतून दोन-चार धागे काढावेत, ते चिमट्यात धरून मोकळ्या जागी काडीने पेटवावेत. सुती धागा कागदासारखा जळतो, कागद जळल्याचाच वास येतो आणि बोटांनी चुरडता येईल अशी मऊ राख उरते. कृत्रिम धागा आक्रसतो, वितळतो आणि थंड झाल्यावर त्याची कडक गुठळी होते. मिश्र धाग्यात राख आणि गुठळी दोन्ही आढळतात. आपल्या घरातील कपड्यांपैकी कोणते आगीजवळ घालू नयेत, हे मुलांनी एकदा पाहिले की ते घरी सांगितल्यावाचून राहणार नाहीत.

याच कसोटीवर रस्त्यावरील कामगार घालतात त्या चमकदार जाकिटाचीही परीक्षा करावी. धुरात माणूस दिसावा म्हणून ते जाकीट उपयोगी वाटते. परंतु स्वस्तात मिळणारे जाकीट बहुधा पॉलिएस्टरच्या जाळीचे असते. वणव्यासाठी पिवळ्या वा नारिंगी रंगाचा अग्निरोधक सदराच घेतल्यास दोन्ही हेतू साधतात.

डोक्यापासून पायापर्यंत

डोक्यावर शिरस्त्राण हवे. जळत्या झाडाची फांदी वा चढावरून घरंगळणारा दगड यांपासून ते वाचविते. भारतीय मानक आयएस २९२५ चे चिन्ह असलेले, हनुवटीखाली पट्टा असलेले शिरस्त्राण निवडावे. मान आणि कान झाकण्यासाठी शिरस्त्राणाच्या मागील बाजूस अग्निरोधक कापडाचा पडदा जोडावा. केस बांधून आत घ्यावेत. गळ्यात टॉवेल गुंडाळण्याची सवय असल्यास तो सुती आहे याची खात्री करावी आणि त्याची टोके लोंबू देऊ नयेत.

डोळ्यांसाठी चेहऱ्याला चोहोबाजूंनी लागून बसणारा गॉगल असावा. साध्या चष्म्याच्या कडेने ठिणगी आत शिरते. पाला उडविणारे पेट्रोलचे ब्लोअर यंत्र चालविणाऱ्यास तर गॉगल अत्यावश्यकच, शिवाय त्याच्या कानांना आवाजापासून संरक्षण हवे. यंत्र थंड झाल्यावर आणि आगीपासून दूर नेऊनच त्यात इंधन भरावे. कपड्यावर पेट्रोल सांडल्यास तो कपडा बदलल्याशिवाय आगीकडे परतू नये. इंधनाने भिजलेले अग्निरोधक कापडही पेटते.

हातमोजे चामड्याचे, मनगट झाकणारे घ्यावेत. रबरी किंवा प्लास्टिकचा थर दिलेले हातमोजे येथे चालत नाहीत. सदऱ्याच्या बाह्या कधीही दुमडू नयेत. हातमोजा आणि बाही यांच्यामध्ये उघडी कातडी दिसता कामा नये. अंगठ्या, कडी, बांगड्या, गळ्यातील साखळ्या घरीच ठेवाव्यात, कारण धातू तापतो आणि बोट सुजल्यावर अंगठी निघत नाही.

पायांकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. आग पुढे सरकली तरी राखेखाली निखारे धुमसत असतात, आणि चप्पल किंवा रबरी बूट घालून त्यावरून चालणे म्हणजे तळपाय भाजून घेणेच होय. घोट्याच्या वर येणारा चामड्याचा, दोऱ्यांनी बांधावयाचा, खोल खाचांच्या तळव्याचा बूट हवा. सुरक्षा पादत्राणांसाठी आयएस १५२९८ हे भारतीय मानक आहे. त्यावर ‘एचआरओ’ अशी खूण असल्यास तळवा ३०० अंशांच्या पृष्ठभागाशी एक मिनिट संपर्क सहन करतो असे समजावे. मोजे सुती किंवा लोकरी असावेत. पँटचे टोक बुटाच्या आत न खोचता बुटावरून सोडावे, म्हणजे ठिणग्या आत पडत नाहीत.

अनेक गावांत स्त्रियाही वणवा विझविण्यास जातात. कृत्रिम धाग्याची साडी आणि मोकळा पदर हा त्यांच्यासाठी मोठा धोका आहे. त्यांच्यासाठी सुती सदरा-पँट अथवा सुती सलवार-कुडता, आणि खरेदीत त्यांच्या मापाचे बूट व हातमोजे यांची तरतूद हवी. पुरुषांच्या मापाचा ढगळ बूट घालून उतारावर पळता येत नाही.

धूर आणि पाणी

वणव्याच्या धुरात सूक्ष्म कण असतात आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही असतो. कापडी रुमालाने मोठी राख तेवढी अडते. एन-९५ प्रकारचा मुखपट्टा सूक्ष्म कण अडवितो, पण कार्बन मोनॉक्साइडपुढे तोही निरुपयोगी आहे. म्हणून मुखपट्टा वापरावा, परंतु त्याच्या भरवशावर दाट धुरात थांबू नये. माणसे पाळीपाळीने मोकळ्या हवेत आणणे हाच खरा उपाय. रुमाल ओला करून तोंडावर बांधण्याची पद्धत आगीच्या अगदी जवळ धोक्याची ठरते, कारण तापलेली दमट हवा श्वासनलिकेला कोरड्या हवेहून अधिक इजा करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाच्या व्यवसायाचा समावेश कर्करोगास कारण ठरणाऱ्या गोष्टींत केला, हे ध्यानात घेता धुराची बाब किरकोळ समजता येणार नाही.

पाणी हाही पोशाखाचाच भाग मानावा. जोराच्या श्रमात ताशी सुमारे एक लिटर पाणी लागते. ते एकदम न पिता थोडे थोडे प्यावे. सोबत जलसंजीवनीची पाकिटे आणि खाण्याचे पदार्थ असावेत. पाण्याची पिशवी नसलेले पथक कितीही चांगल्या पोशाखात असले तरी अपुऱ्या तयारीचेच होय.

खरेदी आणि निगा

बहुतेक ठिकाणी खरेदीचा विचार पहिला वणवा लागल्यावर होतो. तो पावसाळा संपताच व्हावा. प्रत्येकाचे माप आधी घ्यावे, नमुना मागवून तो एका मजुराने दिवसभर घालून पाहावा, आणि मगच मागणी नोंदवावी. अग्निरोधक म्हणून दिलेल्या कापडासोबत चाचणीचे प्रमाणपत्र मागावे. वणव्यासाठीच्या संरक्षक कपड्यांकरिता आयएसओ १५३८४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. निविदेत त्याचा उल्लेख केल्यास इमारतींच्या आगीसाठीचा जाड कोट चुकून माथी मारला जाण्याचा प्रसंग टळतो.

पोशाखाची निगा कापडाइतकीच महत्त्वाची. तेल, ग्रीस आणि राळ यांचे डाग आगीला आमंत्रण देतात, म्हणून प्रत्येक मोहिमेनंतर कपडे धुवावेत. क्षारयुक्त पाण्यात साबणाने धुतल्यास कापडावर थर बसतो आणि तो पेटू शकतो. त्यासाठी धुण्याची पावडर वापरावी. ब्लीच आणि कपडे मऊ करणारी द्रव्ये टाळावीत. गणवेश कडक दिसावा म्हणून खळ देण्याची आपली आवड येथे आवरावी, कारण खळ स्वतःच ज्वलनशील आहे. फाटलेला, विरलेला वा करपलेला कपडा ‘अजून चालेल’ म्हणून वापरात ठेवू नये. सारे साहित्य तालुक्याच्या कोठारात कुलपात न राहता गावाजवळच्या चौकीत, मापाप्रमाणे नावे घालून ठेवावे.

एक घोंगडे चौकीत अवश्य असावे. लोकर सहजी पेट घेत नाही, म्हणून एखाद्याच्या कपड्यांना आग लागल्यास त्याला खाली लोळवून घोंगड्याने ज्वाळा दाबता येतात. भाजलेल्या जागेवर लगेच स्वच्छ, थंड वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे, चिकटलेले कापड ओढू नये आणि शाई, पेस्ट वा तूप न लावता रुग्णालय गाठावे.

पोशाखाची मर्यादा

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. उत्तम पोशाख अंगावर असला की माणसाला आगीच्या अधिक जवळ जाण्याचा मोह होतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात यार्नेल हिल येथे ३० जून २०१३ रोजी वणवा विझविणाऱ्या एका प्रशिक्षित पथकातील १९ जण मरण पावले. त्यांच्या अंगावर अग्निरोधक पोशाख होते आणि आणीबाणीत अंगावर ओढून घेण्याचे चमकदार अग्निरोधक आच्छादनही प्रत्येकाजवळ होते. वाऱ्याने दिशा बदलली आणि ज्वाळांनी त्यांना गाठले तेव्हा यातील काहीच पुरे पडले नाही.

वणवा चढाकडे झपाट्याने धावतो. उतार दहा अंशांनी वाढला की त्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा अनुभवसिद्ध ठोकताळा आहे. म्हणून चढावर, आगीच्या पुढ्यात उभे राहू नये. आगीवर नजर ठेवणारा एक माणूस वेगळा नेमावा, सर्वांशी संपर्क ठेवावा, माघारीची वाट आधी ठरवावी आणि आधीच जळून गेलेली किंवा पूर्ण मोकळी अशी सुरक्षित जागा सर्वांना दाखवून ठेवावी. या चार गोष्टी झाल्यावरच पोशाखाचा विचार येतो. ज्वाळेत उभे राहण्याचा परवाना म्हणून पोशाख दिला जात नाही. तेथून निसटताना लागणाऱ्या काही क्षणांची उसंत तो देतो, इतकेच.

वणव्याचा हंगाम दरवर्षी ठरलेल्या वेळी येतो. पाण्याची टंचाई निवारण्यासाठी ज्याप्रमाणे आधी आराखडा होतो, त्याप्रमाणे मकर संक्रांतीपूर्वीच्या ग्रामसभेत एक प्रश्न विचारला जावा : यंदा आपल्या गावातून आगीवर कोण जाणार, आणि त्यांच्या अंगावर, पायांत व पाण्याच्या पिशवीत काय असणार? याचे उत्तर नावानिशी आणि मापानिशी लिहिले गेले, तर जंगल राखणारा माणूसही राखला जाईल.